आबांसाठी रिसीव्हर

गेल्या दिवाळीत रामनगरच्या घरी 55 इंची 4के टीव्ही आला. सगळे खूश. पहिल्या रात्री घरभर माणसं जमली, सिनेमा लावला आणि दहा मिनिटांत आबा उठून पडवीत जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मी बाहेर जाऊन विचारलं, तर म्हणाले, "चित्र झकास आहे रे. पण काय बोलतायत ते कळत नाही. तुम्ही हसता तेव्हा मी हसायचं, असं किती वेळ करणार?"

आबांचं वय 84. कानाचं यंत्र आहे, ते कपाटाच्या खणात असतं. "कानात डास शिरल्यासारखं वाटतं" म्हणून.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आम्ही मूळ सुप्याचे. आज जो जोयडा तालुका आहे, त्याचं नाव पूर्वी सुपा तालुका. काळी आणि पांढरी नदीच्या संगमावर आमचं गाव होतं. पुढे काळीवर 101 मीटर उंचीचं धरण बांधलं, ते 1987 साली पूर्ण झालं, आणि गाव पाण्याखाली गेलं. आम्ही त्याआधीच ट्रकमध्ये सामान भरून रामनगरला आलो. मी तेव्हा लहान होतो, पण एक पक्कं आठवतं. भांडीकुंडी मागे टाकली होती आणि रेडिओ मात्र आबांच्या मांडीवर. त्याच रेडिओवर पणजी केंद्र लावून ते नाट्यगीतं ऐकायचे. अशा माणसाला घरातल्या टीव्हीसमोरून उठावं लागतं, हे मला काही सहन होईना.

माळ्यावर भावाने 2011 साली दुबईहून आणलेला रिसीव्हर आणि पाच स्पीकर पडून होते. मी ते उतरवले, पुसले, नवा स्ट्रीमिंग बॉक्स रिसीव्हरला आणि रिसीव्हर टीव्हीला जोडला. सिनेमा लावला, तर पडदा काळाकुट्ट! अर्धा दिवस वायरी उपसण्यात गेला. सौ. म्हणाल्या, "अहो, सणाच्या दिवशी कशाला तो पसारा?" नंतर कळलं की बिघाड काहीच नव्हता. 4के चित्रावर नक्कल होऊ नये म्हणून कुलूप असतं, त्याचं नाव एचडीसीपी 2.2. वाटेतल्या प्रत्येक यंत्राकडे त्याची किल्ली लागते. जुन्या रिसीव्हरकडे ती असणारच नव्हती, कारण तो त्या कुलपाच्या आधीचा.

मग खानापूरमार्गे बेळगाव. दुकानातला मुलगा मोठा चटपटीत. "साहेब, 8के घ्या, फ्यूचर-रेडी." किंमत जवळजवळ दुप्पट. मी कार्ड काढायच्या बेतात होतो, पण म्हटलं दोन दिवस थांबू. ते थांबणं फायद्याचं ठरलं.

वाचून वाचून जे डोक्यात शिरलं ते असं. 4के म्हणजे 3840 गुणिले 2160 ठिपके, जुन्या फुल एचडीच्या चौपट. सेकंदाला 60 फ्रेमचं असं चित्र न्यायला एचडीएमआय 2.0 पुरतं, त्याची क्षमता 18 गिगाबिट. 2.1 मध्ये ती 48 पर्यंत जाते. तिचा उपयोग 8केला, किंवा 120 फ्रेमचे गेम खेळणाऱ्या पोरांना. आमच्या घरात 8के टीव्ही नाही आणि आबा गेम खेळत नाहीत!

आणि खरी गंमत पुढे आहे. चित्र रिसीव्हरमधून न्यायलाच हवं असं कुठे आहे? बॉक्स थेट टीव्हीला लावायचा आणि टीव्हीतून फक्त आवाज रिसीव्हरकडे पाठवायचा. त्यासाठी दोन्हीकडे एआरसी किंवा ईएआरसी लिहिलेलं भोक हवं. ओटीटीच्या आवाजाला साधं एआरसीही चालतं. डिस्कवरचा मूळ, न दाबलेला आवाज हवा असेल तर ईएआरसी. म्हणजे पुढे चित्राची नवी पद्धत आली तरी फार तर टीव्ही बदलेल, रिसीव्हर नाही. माझ्या मते 'फ्यूचर-रेडी' याला म्हणावं.

काही जण म्हणतील, साउंडबार का नाही घेतला? बऱ्याच घरांना तो पुरेसा आहे, मी नाही म्हणत नाही. पण आमच्याकडे स्पीकर होते, आणि सिनेमातले संवाद बहुतेक मधल्या स्पीकरमधून येतात. रिसीव्हरवर तेवढ्या एकाच स्पीकरचा आवाज वेगळा वाढवता येतो. पार्श्वसंगीत आहे तिथे राहतं, माणसांचं बोलणं पुढे येतं. मला तेवढंच हवं होतं. शेवटी 5.1 चा, एचडीएमआय 2.0 आणि एचडीसीपी 2.2 वाला साधा रिसीव्हर घेतला. शिवाय एक स्टॅबिलायझर, कारण आमच्याकडे पावसाळ्यात व्होल्टेज कधी वर, कधी खाली. आबांचं यावर ठरलेलं वाक्य आहे: "गाव बुडवून वीज केली, आणि ती आमच्याशीच लपंडाव खेळते."

जोडणी झाली. आबांना पुढे बसवलं, बातम्या लावल्या. काही फरक नाही! माझा चेहरा पडला. मधला स्पीकर मुकाच होता. बातम्यांचा आवाज स्टिरिओ, म्हणजे दोनच बाजूंचा, मग मधल्याला काय मिळणार? भाच्याने रिमोटवर सराउंडचं बटण दाबलं आणि निवेदिका एकदम समोर येऊन बोलायला लागली. मधला स्पीकर चार डेसिबलने वाढवला. आबांनी मान हलवली, पण बोलले काही नाहीत. पुढची पाऊण तास उठलेही नाहीत.

मग भाच्याने गणेशगुडीला धरणावर मोबाईलवर घेतलेला 4के व्हिडिओ पेनड्राईव्हवरून लावला. नुसतं पाणी, पलीकडे डोंगर. आवाज वाऱ्याचा. आबा उठले, टीव्हीजवळ गेले आणि पाण्यावर बोट ठेवलं. "हा डोंगर बघ. याच्या अलीकडे संगम. घाट इथे असेल." बोट थोडं डावीकडे सरकलं. "नाही, इथे."

ताई तोंड फिरवून आत गेली. भाच्याने व्हिडिओ थांबवला, तर म्हणाले, "थांबवू नको, वारा ऐकू येतोय."

तीन वेळा बघितला. मग खुर्चीत बसून म्हणाले, "आता बातम्या लाव. आणि ते मधलं जरा अजून वाढव."