किती दिवस पाजायचं?

बाळाला अंगावर किती दिवस पाजायचं, या प्रश्नाची आमच्या घरात सध्या तीन उत्तरं आहेत.

पहिलं जागतिक आरोग्य संघटनेचं, म्हणजे वहिनीच्या मोबाईलमधलं. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, मग वरच्या खाण्याबरोबर दोन वर्षं किंवा त्याहून जास्त. दुसरं नेसरीच्या आजीचं. "मोजतंय कोण रं? पोराला पाहिजे तवर पाजायचं." तिसरं वहिनीच्या एचआरचं. ते मेलवर आलं आणि शेवटी तेच चाललं :-)

आता हिशोब बघा. बाळंतपणाची पगारी रजा पूर्वी 12 आठवडे होती. 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी ती 26 आठवडे झाली. म्हणजे बरोबर सहा महिने, जमलं की! पण त्यातले 8 आठवड्यांपर्यंत बाळंतपणाआधी घेता येतात. वहिनीला डॉक्टरांनी आराम सांगितला, त्यात सहा गेले. उरले 20. पोर साडेचार महिन्यांचं, आणि आई हिंजवडीत हजर.

कायदा म्हणतो, मूल 15 महिन्यांचं होईपर्यंत पाजायला दिवसातून दोनदा वेळ द्या. पण पोर घरी, आई ऑफिसात... पाजणार कोणाला? मग पंप आला. काढलेलं दूध फ्रिजमध्ये चार दिवस टिकतं, तो प्रश्न नाही. प्रश्न काढायच्या वेळेचा. जितकं निघतं तितकंच नवीन तयार होतं. दुपारची मीटिंग रोज लांबायला लागली, की शरीर समजतं मागणी कमी झाली. आणि नातेवाईक म्हणतात, "हिला दूधच पुरत नाही."

आजीच्या वेळी सगळं छान होतं असंही नाही हं. तिचं शेत घरचं. बांधावरच्या झाडाला लुगड्याची झोळी, पोर रडलं की खुरपं खाली. पण दुसऱ्याच्या शेतात रोजानं जाणारीला नेसरीत तेव्हा पगारी रजा नव्हती, आजही नाही. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी 5,000 रुपये मिळतात, तेही हप्त्यानं. तेवढ्यावर सहा महिने घरी बसता येईल का, तुम्हीच सांगा.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, देशातल्या सहा महिन्यांखालच्या बाळांपैकी फक्त आईच्या दुधावर असलेली सुमारे 64 टक्के निघाली. उरलेल्यांच्या आयांना माया कमी होती म्हणायचं का? मला तर वाटतं, किती दिवस पाजायचं हे आई फार थोडं ठरवते. तिचा वेळ ज्याच्या हातात, तोच ठरवतो.

आणि आपल्यापैकी बरेच जण आता टीम लीड झालेत. म्हणजे तो वेळ थोडासा आपल्याही हातात आहे. रजेवरून कोणी परत आली, तर दुपारची तिची वीस-पंचवीस मिनिटं कॅलेंडरवर आधीच अडवून टाका. कशासाठी ते विचारू नका. किती महिने, तेही नको.