बँकॉकमधील आमची गुरुकी

नोकरीनिमित्त परदेशीं बिऱ्हाड थाटणें ही गोष्ट आतां आपल्या समाजांत नवलाची राहिलेली नाहीं. विलायतेस किंवा अमेरिकेस कोणीच गेलेलें नाहीं असें घर पुण्याच्या पेठांतून शोधूनच काढावें लागेल. मात्र जाणारी मंडळी बहुधा यंत्रविद्येच्या, वैद्यकीच्या अथवा हिशेबाच्या ज्ञानावर जाते. आम्ही उभयतां थायलंडांत, म्हणजे पूर्वीच्या सयामांत, आलों तें इंग्रजी शिकविण्याकरितां. जी भाषा आम्हीं स्वतः पांचव्या इयत्तेपासून घोकून घोकून मिळविली, तीच परक्या मुलांस शिकवून पोट भरावयाचें, यांत जी गंमत आहे आणि जी टोंचणी आहे ती घरीं बसून कळत नाहीं. म्हणून येथील अनुभव वाचकांपुढें ठेवीत आहों.

बँकॉक शहर अवाढव्य आहे. १७८२ मध्यें चाओ फ्राया नदीच्या कांठीं वसविलेल्या या राजधानीस तेथील लोक ‘क्रुंग थेप’, म्हणजे देवांची नगरी, असें म्हणतात. तिचें संपूर्ण नांव एका दमांत म्हणतां येणार नाहीं इतकें लांब असून त्यांत इंद्र आणि विश्वकर्मा हे दोघेही येतात. पण पहिल्या महिन्यांत आम्हांस देवांपेक्षां कचेऱ्यांचेंच दर्शन अधिक घडलें. नोकरीचा व्हिसा, कामाचा परवाना, शिक्षक परिषदेची मान्यता, आणि शिवाय दर नव्वद दिवसांनीं ‘आम्ही अमुक पत्त्यावर राहतों’ अशी सरकारास वर्दी! इंग्रजी ही आमची मातृभाषा नसल्यामुळें तिची परीक्षा देऊन प्रमाणपत्रही जोडावें लागलें.

जागा मिळाली ती एका खोलीची. तिला सज्जा होता, पण स्वयंपाकघर नव्हतें. येथील नोकरदार माणूस दोन्ही वेळचें जेवण रस्त्यावरच्या गाडीवरून घेऊन येतो. त्यामुळें लहान बिऱ्हाडांत चुलीची सोय नसण्यांत कोणासच कांहीं गैर वाटत नाहीं. आम्हीं सज्जांत विजेची शेगडी मांडली. पुण्याहून आणलेल्या कुकरची पहिली शिट्टी झाली तेव्हां कांहीं फुटलें असें समजून शेजारच्या बाई धांवत आल्या, आणि वरणभात पाहून हसत परत गेल्या. शाकाहाराची अडचण मोठी, कारण साध्या भाजींतही माशापासून केलेलें खारें पाणी पडतें. पण शाकाहारास येथें ‘मांगसविरात’ असा शब्द आहे, आणि तो म्हणजे आपला ‘मांसविरति’ हें समजलें, तेव्हां निम्मी उपासमार टळली. उरलेली निम्मी पाहुरात भागांतील भारतीय दुकानांच्या तुरीच्या डाळीनें टाळली.

असे आपल्या माहेरचे शब्द येथें पदोपदीं भेटतात. शिक्षकास ‘ख्रू’ म्हणतात, तो आपला गुरु. विद्यापीठांतल्या पंडितास ‘आचान’, तो आचार्य. भाषा ‘फासा’ झाली आहे, अक्षर ‘अक्सोन’ झालें आहे. प्राथमिक वर्ग ‘प्रथोम’ आणि त्यापुढचे ‘मथयोम’, म्हणजे मध्यम. फळ्यावर सरकारी रीतीनें वर्ष लिहावयाचें तर इसवी सनांत ५४३ मिळवून बुद्धसंवत् लिहावा लागतो. ज्यांच्या पंचांगांत शालिवाहन शक आहे त्यांस यांत कांहींच अवघड नाहीं.

एवढी ओळख असूनही कामाच्या ठिकाणीं आम्ही दुय्यमच होतों. इंग्रजीचा शिक्षक म्हटला कीं येथील पुष्कळ पालकांच्या डोळ्यांपुढें गोरा चेहरा उभा राहतो. एका शाळेशीं आमचें सर्व बोलणें पुरें होत आलें होतें. आमचीं छायाचित्रें पोंचलीं आणि जागा भरल्याचें उत्तर आलें. तीच जाहिरात पुढें दोन आठवडे झळकत होती. ज्या शाळेनें आम्हांस घेतलें तिनेंही वेतन ठरवितांना मातृभाषेच्या रकान्यावर बोट ठेवलें. आमच्याबरोबर लागलेला एक तरुण भलत्याच विषयाचा पदवीधर, शिकविण्याचा अनुभव नाहीं. पण इंग्रजी आईच्या मांडीवर शिकलेला. त्यास आमच्या दीडपट पगार. मुलगा भला व मनमिळाऊ. त्याच्याविषयीं आमची तक्रार नाहीं. परंतु महिनाअखेर घरीं पैसे पाठवितांना हा हिशेब मनांत आल्यावांचून राहत नसे. घरीं आईंच्या गुडघ्याचें दुखणें बळावलें होतें, सगळें करावयास धाकटी सून एकटी. अशा वेळीं थोरल्या काकांनीं दूरध्वनीवर सहज विचारलें, “भाषा साहेबाची, मुलें सयामचीं, मध्यें तुमच्यावांचून काय अडलें आहे?” काकांनीं जन्मभर शाळेंत शिकविलेलें. त्यांच्या बोलण्यांत कुत्सितपणा नव्हता, म्हणूनच तें अधिक लागलें.

उत्तर मिळालें तें वर्गांत. थाई भाषेंत शब्दाच्या अखेरीस ‘स’ अथवा ‘ल’ यांचा उच्चार होत नाहीं. ‘स’चा ‘त’ होतो, ‘ल’चा ‘न’. म्हणून ‘बस’ची ‘बत’ होते आणि ‘फुटबॉल’चा ‘फुतबोन’. तो तरुण शिक्षक शुद्ध उच्चार पुनःपुन्हां करून दाखवी, मुलें पुनःपुन्हां ‘बत’ म्हणत, आणि दोघेही थकत. जिभेनें नेमकें काय करावयाचें हें त्यास सांगतां येईना, कारण त्यास तें कधीं शिकावेंच लागलें नव्हतें. आम्हांस मात्र लहानपणीं कंठ, तालु, मूर्धा, दंत, ओष्ठ हीं स्थानें पाठ करविलेलीं. थाई लिपीचीं ४४ व्यंजनेंही बहुतांशीं याच क्रमानें, कंठापासून ओठांकडे येतात. फळ्यावर तोंडाचें चित्र काढून आम्हीं जिभेची जागा दाखविली. आपल्याच अक्षरमालेचा हा अर्थ ऐकून मुलें चकित झालीं, आणि आठवड्याभरांत अर्धा वर्ग बसमध्यें चढला!

व्याकरणाचेंही तेंच. थाई क्रियापदास काळाचे प्रत्यय नाहींत. ‘ए’ आणि ‘द’ हीं उपपदें त्यांच्या भाषेंत नाहींत, तशीं मराठींतही नाहींत. तर्खडकरांच्या पाठमालेपासून आमच्या घरांतील तीन पिढ्यांस जेथें ठेंच लागली, नेमकीं तेथेंच हीं मुलें अडखळत. एके दिवशीं कधीं न बोलणाऱ्या एका मुलीनें विचारलें, “ख्रू, तुम्हांलाही हें कठीण गेलें?” “फार कठीण गेलें,” असें आम्हीं म्हणतांच सबंध वर्गानें सुटकेचा श्वास टाकला. त्या दिवसापासून ती मुलगी चुकत कां होईना, पण बोलूं लागली. जो एखाद्या गांवींच जन्मला त्यास गांव ठाऊक असतें. वाट ठाऊक असते ती दुरून चालत आलेल्यास. मुलांस दोघेही हवे असतात, पण वाटाड्याचें मोल कमी धरावें असें कांहीं त्यांत नाहीं.

मार्चमध्यें वर्ष संपलें आणि करार वाढविण्याचा प्रश्न आला. पगार थोडाच वाढत होता. पण उच्चार आणि व्याकरण यांचे पहिले वर्ग शाळेनें आपण होऊन आमच्याकडे सोंपविले. घरीं विचारलें तेव्हां आई म्हणाल्या, “माझा गुडघा कांहीं पळून जात नाहीं. मुलांना अर्ध्यावर टाकून येऊं नका.” आम्ही राहिलों. धाकट्या सुनेच्या अंगावर आणखी एक वर्ष पडलें, ही गोष्ट त्या आनंदांतही विसरतां आली नाहीं. म्हणून तिच्या मदतीस एक बाई ठेविली, आणि तिचा पगार आमच्याकडून जातो.

जूनमध्यें येथील शाळांतून गुरुवंदनेचा सोहळा होतो. त्यासाठीं बहुधा गुरुवार धरितात, आणि तो वार थाई भाषेंतही बृहस्पतीचाच. मुलें गुडघ्यांवर पुढें सरकत येतात. हातांतील तबकांत आपल्या दूर्वेच्या जातीचें गवत, लाह्या, वांग्याचें फूल आणि सुईसारख्या टोंकदार कळ्यांचीं तांबडीं फुलें असतात. गवत म्हणजे तुडविलें तरी पसरणारी चिकाटी, लाह्या म्हणजे शिस्त, खालीं मान घालणारें वांग्याचें फूल म्हणजे नम्रता आणि कळ्या म्हणजे तीक्ष्ण बुद्धि. गोऱ्या-काळ्या सर्व शिक्षकांपुढें तीं तबकें सारख्याच आदरानें ठेविलीं जातात. तेथें मातृभाषेचा रकाना नाहीं.

आपल्या घरांतील जीं तरुण मुलेंमुली अशा कामास निघणार असतील त्यांस एवढेंच सांगावयाचें कीं, करारपत्र नीट वाचा, वेतनाची चौकशी निघण्यापूर्वी करा आणि कुकर बरोबर न्या. आपल्या इंग्रजीस मराठीचा वास येतो याची मात्र लाज बाळगूं नका. ती भाषा आपण कष्टानें मिळविली आहे, आणि ते कष्ट आठवत असणें हीच या धंद्यांतील खरी पुंजी आहे.