काचेआड गेलेले आणि न गेलेले

कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची एक कांस्यमूर्ती आहे. तिची उंची सुमारे १३ सेंटिमीटर, म्हणजे वीतभरही नाही. अंगावर वस्त्र नाही, दाढी आहे, शरीराचा भार एका पायावर टाकलेला आहे, आणि उंचावलेल्या हातात कधीकाळी जो त्रिशूळ असणार तो आता नाहीसा झाला आहे. तो टिकला असता तर पंचगंगेच्या काठावरच्या भाविकाने या परक्या देवाला क्षणभर तरी महादेव मानून हात जोडले असते. ही मूर्ती २०२३ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कला संग्रहालयात पाहुणी म्हणून गेली होती. २१ जुलै ते १३ नोव्हेंबर या काळात तिथे ‘ट्री अँड सर्पंट’ या नावाने प्राचीन भारतीय बौद्ध कलेचे प्रदर्शन भरले होते आणि दख्खनच्या त्या काळातील समुद्रापारच्या व्यापाराची साक्ष देण्यासाठी पोसायडनला बोलावणे आले होते. त्या पावसाळ्यात वारणानगर-कोडोली परिसरातून मुलाकडे वा मुलीकडे न्यू जर्सीतील एडिसनला गेलेल्या, आणि शनिवारी रेल्वेने न्यूयॉर्क ‘बघून’ येणाऱ्या एखाद्या ज्येष्ठ दांपत्याला, घरापासून तासाभराच्या अंतरावर राहणारा हा देव तिथे प्रौढांसाठीचे ३० डॉलर, अथवा पासष्टी ओलांडली असल्यास २२ डॉलर मोजून भेटला असता.

मूर्ती सापडली ती ब्रह्मपुरीच्या टेकाडात. पंचगंगेच्या काठावरील या टेकाडाखाली सातवाहन काळातील एक नांदते व्यापारी नगर गाडले गेले होते. १९४४ मध्ये प्रा. के. जी. कुंदनगार यांच्या कामात कांस्यवस्तूंचा मोठा साठा हाती लागला आणि १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या वतीने ह. धी. सांकलिया व मो. गं. दीक्षित यांनी तिथे रीतसर उत्खनन केले. साठ्यात पोसायडनखेरीज धातूचा आरसा, रोमन घडणीचा मद्यपात्रासारखा चंबू आणि हत्तीवर स्वार झालेल्या माणसांचे एक सुबक देशी शिल्प होते. देशी आणि परदेशी वस्तू अशा एकत्र सापडल्या म्हणजे अभ्यासकाला प्रश्न पडतो की घरधन्याने हा देव देव्हाऱ्यासाठी घेतला, दिवाणखान्यासाठी घेतला, की निव्वळ मोड म्हणून, अर्थात वितळवून नवे भांडे घडवण्याच्या धातूच्या भावाने घेतला. तिसरी शक्यता मनाला रुचत नाही, पण ती सहज झटकूनही टाकता येत नाही. जगातल्या कित्येक थोर कांस्यमूर्ती भट्टीत गेल्या आणि ज्या थोड्या उरल्या त्यांपैकी काही भट्टी पेटण्याआधी घर कोसळल्यामुळे उरल्या. ब्रह्मपुरीच्या या वस्तू ठेवण्यासाठीच कोल्हापुरात संग्रहालय सुरू झाले आणि पुढे ते चार्ल्स मँट या अभियंत्याने आराखडा केलेल्या, १८७२ ते १८७६ या काळात बांधलेल्या टाऊन हॉलच्या इमारतीत आले.

न्यूयॉर्कच्या ज्या इमारतीत पोसायडन चार महिने राहिला, तिच्यातच, बरेच चालून गेल्यावर, एका अखंड काचेच्या भिंतीलगत देंडूरचे मंदिर उभे आहे. रोमन सम्राट ऑगस्टसच्या आज्ञेने इसवी सनापूर्वी १५ च्या सुमारास इजिप्तच्या दक्षिणेकडील नुबिया प्रांतात, नाईलच्या काठावर, हे वालुकाश्माचे छोटे देवालय बांधले गेले. भिंतींवर ऑगस्टस स्वतः इजिप्शियन राजाच्या वेशात देवांना नैवेद्य दाखवताना कोरलेला आहे, यद्यपि त्याने त्या मंदिराचा उंबरा कधी ओलांडला नाही. विसाव्या शतकात आस्वानच्या उंच धरणाचे पाणी नुबियात पसरणार हे निश्चित झाल्यावर मंदिराचे दगड सुटे करण्यात आले, इजिप्तने ते १९६५ मध्ये अमेरिकेला भेट दिले, ६६१ पेट्यांतून ते समुद्रापार गेले आणि १९७८ मध्ये मेट्रोपॉलिटनमध्ये लोकांसाठी खुले झाले. समोर एक उथळ जलाशय आहे; तो नाईल आहे, असे पाहणाऱ्याने समजायचे असते.

देंडूर आणि पोसायडन एका छताखाली आले तेव्हा एकाच साम्राज्याचे आणि जवळजवळ एकाच पिढीचे दोन अवशेष एकत्र आले होते, हे तिकीट काढून फिरणाऱ्यांपैकी फारच थोड्यांच्या ध्यानात आले असेल. इजिप्त रोमच्या ताब्यात आल्यावर हिंदुस्थानशी होणारा व्यापार एकदम फोफावला. भूमध्य समुद्राकाठचा माल अलेक्झांड्रियाहून नाईलमार्गे कोप्टोस या गावापर्यंत होडीने येई, तिथे नदी सोडून उंटांवर चढे, वाळवंट ओलांडून तांबड्या समुद्रावरील बेरेनिके किंवा मायोस होर्मोस या बंदरांत पोहोचे आणि मग मोसमी वाऱ्यांच्या भरवशावर खुल्या समुद्रात शिरे. पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथात, म्हणजे खलाशी व व्यापाऱ्यांसाठीच्या बंदरांच्या मार्गदर्शिकेत, भरुचकडे जाणाऱ्यांनी जुलैच्या सुमारास निघावे असा सल्ला आहे. कल्याण आणि सोपारा ही नावे त्यात आहेत, पैठणहून गोमेद आणि तेरहून कापड येते अशी नोंद आहे, आणि आयात मालात मद्य, तांबे, कथील, पोवळे व काच यांच्या जोडीला राजासाठी आणलेली गाणारी मुलेही आहेत. कुठल्याशा बंदरात उतरून, एखाद्या घाटाने चढून, बैलाच्या पाठीवरील गोणीतून पोसायडन पंचगंगेच्या काठी आला असावा. देंडूर मात्र त्याच्या वाटेत आले नसणार, कारण ते आस्वानच्याही दक्षिणेला आहे आणि मालाचा रस्ता त्याच्या कितीतरी उत्तरेला नदीचा निरोप घेतो. जिथे दोघांची भेट व्हायला हवी होती तिथे ती झाली नाही, आणि जिथे होण्याचे काहीच कारण नव्हते अशा अमेरिकेत झाली. पेरिप्लसकाराला हा मार्ग सांगितला असता तर त्याने वाऱ्याचा महिना तेवढा विचारला असता. योगायोगाने याही खेपेला तो जुलैच निघाला.

धरणाचा विषय वारणाकाठच्या वाचकाला परका नाही. याच नदीवर वर चांदोलीला धरण झाले, खोऱ्यातली गावे उठली, पुढे अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान आल्यावर आणखी उठली, आणि माणसे आपापले ग्रामदेव घेऊन खालच्या अंगाला नव्या वसाहतींत आली. त्या देवळांचे दगड कोणी क्रमांक घालून पेट्यांत भरले नाहीत. देंडूरला काचेची भिंत मिळाली आणि नुबियातल्या हजारो विस्थापित कुटुंबांना ती मिळाली नाही, ही तुलना संग्रहालयाच्या माहितीफलकावर येत नसली तरी चांदोलीच्या पाण्यावर ऊस पिकवणाऱ्या माणसाच्या मनात ती आल्याशिवाय राहू नये.

देंडूरच्या भिंतींवर एकोणिसाव्या शतकातील युरोपीय प्रवाशांनी आपली नावे कोरून ठेवली आहेत आणि आता तीही जपली जातात. पन्हाळ्याच्या तीन दरवाजावर वा सज्जा कोठीच्या भिंतींवर खिळ्याने बदाम काढणाऱ्यांना याचा आधार मिळू नये म्हणून एवढेच सांगणे पुरे की दीडशे वर्षे उलटेपर्यंत अशा अक्षरांना विद्रूपीकरणच म्हणतात. पन्हाळा २०२५ मध्ये इतर अकरा किल्ल्यांसह जागतिक वारसा यादीत गेला. त्यावरचे अंबारखान्याचे गंगा कोठार २५,००० खंडी धान्य मावेल एवढे मोठे असल्याचे सांगतात. आत आज एक दाणा नाही, फलक नाही, दिवा नाही, आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, त्याचा आकार अंगावर येतो. प्रत्येक जुनी जागा वस्तूंनी भरलीच पाहिजे असा जो हल्ली आग्रह दिसतो तो अंबारखान्यात पाऊल टाकल्यावर फिका पडतो.

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कच्या दुसऱ्या कडेला निसर्गविज्ञानाचे अमेरिकन संग्रहालय आहे. १८६९ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत मुले छताला टांगलेल्या ९४ फुटी निळ्या देवमाशाच्या प्रतिकृतीखाली उताणी पडतात आणि मोठी माणसे डायनोसॉरच्या सांगाड्यांपुढे छायाचित्रे काढतात. कोल्हापूरच्या माणसाने तिथले आशियाई सस्तन प्राण्यांचे दालन चुकवू नये. व्हर्ने आणि फाँथॉर्प या दोघांनी १९२० च्या दशकात हिंदुस्थान व ब्रह्मदेशात शिकारमोहिमा काढल्या आणि त्यांतून १९३० मध्ये हे दालन उभे राहिले. इथे प्राणी ‘डायोरामा’ पद्धतीने मांडले आहेत: पुढे पेंढा भरलेला खरा प्राणी, भोवती खरी वाटावी अशी माती व झाडी, आणि मागे वक्र भिंतीवर क्षितिजापर्यंत रंगवलेले रान. त्यांत गवा आहे. चमकदार काळे अंग, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा रंग, खांद्यावरचा उंचवटा, सगळे हुबेहूब. राधानगरी-दाजीपूरचे जंगल १९५८ पासून गव्यांसाठीच राखीव आहे, आणि अलीकडे गवा तेथून उतरून जिल्ह्यातल्या उसात, क्वचित गावांच्या रस्त्यांवरही येतो, तेव्हा वनखात्याची धांदल आणि बघ्यांची झुंबड उडते. त्या माणसाला काचेतला गवा पाहून वाटते ते आश्चर्य नव्हे. हा पिकात शिरणार नाही, एवढाच विचार मनात येतो. पार्श्वभूमीचे चित्र अप्रतिम आहे, पण त्या रानात माशा नाहीत आणि शेणाचा वास नाही.

अशी दोन संग्रहालये एका दिवसात उरकण्याचा बेत बहुतेक घरांत होतो आणि तो फसतो. बोस्टनच्या ललितकला संग्रहालयातील बेंजामिन गिल्मन यांनी १९१६ मध्ये ‘संग्रहालयीन थकवा’ या विषयावर लेख लिहिला. पाहणाऱ्याला वस्तू आणि तिची चिठ्ठी दिसावी म्हणून किती वाकावे, ताणावे आणि बसावे लागते हे त्यांनी एका माणसाची छायाचित्रे छापून दाखवले. कलेचा कंटाळा येत नाही, कंबर दुखते, हा त्या लेखाचा इत्यर्थ ज्येष्ठांना सांगावा लागत नाही. संग्रहालयाची श्रीमंती वस्तूंच्या संख्येवर मोजण्याऐवजी बाकांच्या संख्येवर मोजावी, असे मत म्हणूनच मांडता येईल. मेट्रोपॉलिटनच्या संग्रहात सुमारे १५ लाख वस्तू आहेत, परंतु देंडूरसमोरच्या कठड्यावर बसायला मिळालेली वीस मिनिटे बाकीच्या दोन तासांहून अधिक काळ स्मरणात राहतात.

वारणानगर स्वतः एकेकाळी प्रेक्षणीय स्थळ होते आणि काही प्रमाणात अजूनही आहे. तात्यासाहेब कोरे यांनी माळरानावर उभारलेला सहकारी साखर कारखाना, त्याच्या मागोमाग आलेला दूध संघ, वारणा बझार, मुलांचा वाद्यवृंद, आणि १९९८ मध्ये खेडोपाडी संगणक पोहोचवणारा प्रकल्प हे सारे पाहायला राज्यातून आणि राज्याबाहेरून अभ्याससहली येत राहिल्या. या सहलींत पाहुण्याला काचेआडचे काही दाखवत नसत. तो हंगामात आला तर गव्हाणीत, म्हणजे ऊस आत ओढून घेणाऱ्या पट्ट्यावर, मोळ्या पडताना दिसत. रसाचा आणि मळीचा वास कपड्यांना चिकटे. एकीकडून चिपाड बाहेर पडे आणि तेच भट्टीत जळून गिरणी चालवी. पहिल्या पोत्यांची पूजा होई आणि पूजेनंतर तीच पोती गोदामात जात. यातील एकही वस्तू पाहण्यासाठी केलेली नव्हती. गिरणी थांबेल, यंत्रे रंगवून ओळीत मांडली जातील आणि त्यांच्यापुढे माहितीफलक लागतील त्या दिवशी कदाचित तिकीट लावावे लागेल. तोवर पाहुण्याला कानठळ्या बसवणाऱ्या आवाजातच प्रश्न विचारावे लागतात.

हा निकष न्यूयॉर्कला लावला तर तिथले सर्वांत पाहण्याजोगे स्थळ स्टेटन आयलंडची बोट ठरते. मॅनहॅटनच्या दक्षिण टोकावरून सुटणारी ही नारिंगी बोट चाकरमान्यांसाठी आहे, दिवसरात्र चालते आणि १९९७ पासून तिला तिकीट नाही. पंचवीस मिनिटांच्या या प्रवासात उजव्या हाताला स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा येतो. १८८६ मध्ये उभारलेल्या त्या पुतळ्याची कातडी अवघ्या २.४ मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या पत्र्याची आहे आणि तो पत्रा लाकडी साच्यांवर ठोकून घडवलेला आहे. तांबट आळीतून गेलेल्या कोणालाही ती हातोडीची कला नवी नाही, फक्त तांबे इथे खाऱ्या वाऱ्याने हिरवे पडू दिले आहे. पर्यटक उजव्या कठड्याशी गर्दी करतात आणि नेहमीचे प्रवासी आत बसून मोबाइल पाहतात किंवा डुलक्या घेतात. पलीकडे पोहोचल्यावर परत यायचे असले तरी प्रत्येकाला उतरावे लागते, धक्क्यावरून वळसा घालून पुन्हा रांगेत लागावे लागते आणि बहुधा त्याच बोटीत चढावे लागते. गुडघे दुखणाऱ्यांना हा नियम जाचक वाटतो, पण फुकटच्या गोष्टीबद्दल तक्रार करू नये हे वारणाकाठच्या माणसांना मान्य असते, निदान बोट परतीच्या धक्क्याला लागेपर्यंत तरी.