जड स्टिअरिंगचा प्रश्न

मी रेसिंगच्या गाड्यांचा डेटा वाचते. चालकाने ब्रेक कुठे आणि किती जोराने दाबला, स्टिअरिंग किती वळवलं, वळणातून बाहेर पडताना अ‍ॅक्सिलरेटरवर पाय कधी ठेवला, हे सगळं गाडीतले सेन्सर टिपतात. गाडी पिटमध्ये आली की दोन चालकांचे आलेख एकावर एक ठेवून वेळ नेमका कुठे गेला ते शोधायचं, हे माझं काम. म्हणून 'बायका पुरुषांच्या बरोबरीने रेस करू शकतात का?' असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, नेमकं कशात? ब्रेक उशिरा दाबण्याच्या धाडसात? निसरड्या रस्त्यावर टायरची पकड ओळखण्यात? की तास-दीड तास मान आणि दंड शाबूत ठेवण्यात?

पहिल्या दोन गोष्टींचा निकाल १९८२ सालीच लागला आहे. फ्रान्सची मिशेल मुटाँ त्या वर्षी ऑडी क्वाट्रो घेऊन जागतिक रॅली अजिंक्यपदात उतरली होती. शेजारी सहचालक फॅब्रिझिया पॉन्स, म्हणजे गाडीत दोघीही बायकाच. आदल्या वर्षी सॅनरेमोची रॅली जिंकून मुटाँने जागतिक रॅली जिंकणारी पहिली महिला म्हणून नाव कोरलं होतंच. १९८२ मध्ये तिने पोर्तुगाल, ग्रीसची अ‍ॅक्रोपोलिस आणि ब्राझील अशा तीन रॅली जिंकल्या. अ‍ॅक्रोपोलिस म्हणजे दगडधोंड्यांचे रस्ते, धूळ आणि रणरणतं ऊन. तिथे भल्याभल्यांच्या गाड्या मोडतात. अजिंक्यपदाची लढत आयव्हरी कोस्टपर्यंत ताणली गेली. त्याच सुमारास तिचे वडील वारले, तरीही ती गाडीत बसली. ती रॅली तिला पूर्ण करता आली नाही आणि विजेतेपद वॉल्टर रोर्लकडे गेलं. मुटाँ दुसरी आली. तिच्याच संघातला हानू मिकोला, तशीच क्वाट्रो चालवून, तिच्या मागे तिसरा होता. माझ्या धंद्यात दोन चालकांची तुलना करायची ती एकाच गाडीत, आणि हा पुरावा मला कुठल्याही चर्चेपेक्षा मोठा वाटतो.

आता ताकदीबद्दल. सरासरी बाईच्या खांद्यात आणि दंडात सरासरी पुरुषाइतकं बळ नसतं, हे मान्य करूनच बोलायला हवं. फॉर्म्युला वनच्या वेगवान वळणात शरीरावर गुरुत्वाकर्षणाच्या पाचपट जोर येतो. डोकं आणि हेल्मेट मिळून सहा-सात किलो धरले, तर मानेला तीस किलोंहून जास्त भार बाजूला ओढत असतो. ब्रेकच्या पेडलवर शंभर किलोंच्या वर दाब द्यावा लागतो, तोही फेरीत अनेकदा. पण धावण्यात किंवा वजन उचलण्यात जास्त ताकद म्हणजे जास्त यश, तसं रेसिंगमध्ये नाही. इथे एक उंबरठा आहे. तो ओलांडेल इतकी ताकद हवीच. त्यापुढच्या स्नायूंनी फेरीचा वेळ कमी होत नाही. आणि हा उंबरठा व्यायामाने ओलांडता येतो. तरुण मुलंही मानेचा व्यायाम केल्याशिवाय या गाड्यांत टिकत नाहीत.

खरी अडचण बाहेरच्यांना सहसा दिसत नाही. फॉर्म्युला वनच्या गाडीला पॉवर स्टिअरिंग असतं. तिच्या आधीच्या पायऱ्यांवर, म्हणजे फॉर्म्युला थ्री आणि फॉर्म्युला टूमध्ये, ते नसतं. सगळ्यात जड स्टिअरिंग सगळ्यात वरच्या गाडीचं नाहीच, ते तिच्याकडे जाणाऱ्या जिन्यात आहे. तात्याना काल्देरोन २०१९ मध्ये फॉर्म्युला टूमध्ये पूर्ण हंगाम उतरली, पण तिला गुण मिळाले नाहीत. २०२४ मध्ये फॉर्म्युला टूची नवी गाडी आली तेव्हा स्टिअरिंगला लागणारा जोर कमी करण्याकडे मुद्दाम लक्ष दिलं गेलं. म्हणजे हा अडथळा निसर्गाने घातलेला नव्हता, ड्रॉइंग बोर्डवर घातला गेला होता. तो तिथेच दूर करता आला असता, आणि खूप आधी.

तरीही जड स्टिअरिंग घेऊन जिंकणाऱ्या झाल्याच. अमेरिकेच्या इंडीकारमध्ये पॉवर स्टिअरिंग नाही. तिथे डॅनिका पॅट्रिकने २००८ मध्ये जपानमधल्या मोटेगीची शर्यत जिंकली. ओव्हल ट्रॅकवर स्टिअरिंगचा छळ कमी असतो, असं त्यावर म्हणणारे आहेत. त्यांनी २०१३ ची ह्यूस्टनची शर्यत पाहावी. शहरातले खडबडीत रस्ते, काटकोनी वळणं, आणि स्वित्झर्लंडची सिमोना दे सिल्व्हेस्त्रो दुसरी.

मला स्टिअरिंगपेक्षाही जास्त छळतो तो अविश्वास. इटलीची लेला लोम्बार्दी ही फॉर्म्युला वनच्या जागतिक अजिंक्यपदात गुण मिळवणारी आजवरची एकमेव महिला. १९७५ मध्ये बार्सिलोनाच्या मोंत्यूइकवर ती सहावी आली. भीषण अपघातामुळे शर्यत मध्येच थांबवावी लागली, म्हणून तिला अर्धाच गुण मिळाला. आपल्या मार्च गाडीचा मागचा भाग वळणात नीट वागत नाही, अशी तक्रार ती करत होती. मार्च संघातूनच पुढे सांगितली गेलेली हकीकत अशी, की तिच्या बोलण्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. पुढे तीच गाडी रॉनी पीटरसनकडे गेली, त्यानेही तीच तक्रार केली. मग तपासणी झाली आणि मागच्या सांगाड्यात तडा सापडला. त्या काळी सेन्सर नव्हते. चालकाचा शब्द हाच डेटा होता. तिचा शब्द मोजला गेला असता तर तिच्या नावावर किती गुण असते, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

१९५८ मध्ये मारिया तेरेसा दे फिलिपिस उतरली, तेव्हापासून फॉर्म्युला वन अजिंक्यपदाच्या शर्यतींसाठी नोंदल्या गेलेल्या महिला पाच. प्रत्यक्ष शर्यत सुरू करू शकलेल्या दोनच. पुरुष काही शेकड्यांनी. एवढ्याशा संख्येवरून स्त्रीच्या कुवतीबद्दल निष्कर्ष काढणं ही साधी गणिताची चूक आहे. विजेता तयार व्हायला हजारो मुलं वयाच्या सातव्या-आठव्या वर्षी कार्टमध्ये बसावी लागतात. मुली तिथेच मोजक्या असतात, आणि पैसे संपायची वेळ आली की घरात आधी त्यांचं रेसिंग थांबतं.

म्हणूनच फक्त महिलांच्या मालिकांबद्दल माझं मत सरळ आहे. डब्ल्यू सिरीज पैशाअभावी २०२२ मध्ये अर्धवट थांबली, पण तीन वेळची विजेती जेमी चॅडविक २०२४ मध्ये अमेरिकेत इंडी एनएक्सटीची शर्यत पुरुषांमध्ये जिंकून दाखवू शकली. आताच्या एफवन अ‍ॅकॅडमीची २०२४ ची विजेती अ‍ॅबी पुलिंग हिला पुढच्या वर्षी ब्रिटनच्या जीबीथ्रीमध्ये पूर्ण खर्चासह जागा मिळाली. अशी पुढची जागा देणारी मालिका हवी. नुसता वेगळा करंडक देणारी नको.

आपल्याकडे पुण्याच्या डायना पंडोल यांनी २०२४ मध्ये चेन्नईच्या ट्रॅकवर राष्ट्रीय अजिंक्यपदाचा सलून गट जिंकला, आणि त्या रेसिंगमध्ये आल्या त्या मोठेपणी. ज्यांच्या घरात वेगाचं वेड असलेली आठ वर्षांची मुलगी आहे, त्यांनी तिला याच सुट्टीत कार्टिंगच्या ट्रॅकवर न्यावं. आणि स्पर्धा भरवणाऱ्यांनी तिला मुलींच्या वेगळ्या गटात न टाकता मुलांच्याच ग्रिडवर उभं करावं.