आता बस निवांत

आईने पंचाहत्तरी ओलांडली आणि आम्ही भावंडांनी तिची कामे एकेक करून काढून घेतली. पाट जाऊन खुर्ची आली. तुळशीला पाणी घालायलाही कुणीतरी पुढे होई. 'आता बस निवांत,' असे आम्ही मायेने म्हणत गेलो आणि ती बसत गेली. दीड वर्षात तिला जमिनीवरून आधाराशिवाय उठता येईना.

नंतर २०१४ साली प्रसिद्ध झालेला एक अमेरिकी अभ्यास वाचनात आला. ७० ते ८९ वयाची, बैठ्या सवयीची, पण ४०० मीटर चालू शकणारी १,६३५ माणसे त्यात होती. सरासरी अडीच वर्षांहून थोड्या अधिक काळात, नियमित चालणाऱ्या व पायांचे, तोलाचे व्यायाम करणाऱ्या गटातील ३०.१ टक्के माणसांनी ती क्षमता गमावली. आरोग्यविषयक व्याख्याने ऐकणाऱ्या गटात हे प्रमाण ३५.५ टक्के होते. फरक थोडाच, हे मान्य. (व्याख्यानांवरच जिचा चरितार्थ चालतो, तिला तो अंमळ बोचला.)

हल्ली आई हात न टेकता खुर्चीवरून उठण्याचा सराव करते, सकाळी पाचदा, संध्याकाळी पाचदा. तुळशीपर्यंतची अठरा पावले मी तिच्या मागून चालते. हात पुढे करत नाही. तेवढे मात्र मला अजून नीट जमत नाही.