जिंकणाऱ्यावरचा राग : मँचेस्टर ते लिव्हरपूल

इंग्लंडच्या वायव्येस असलेल्या लँकेशायर प्रांताचें नांव आमच्या पणजोबांच्या पिढीस चांगलेंच परिचित होतें. वऱ्हाड-खानदेशांतला कापूस मुंबई बंदरांतून निघून लिव्हरपूलच्या धक्क्यावर उतरे, तेथून मँचेस्टरच्या आसमंतांतील गिरण्यांत जाई, आणि त्याचें कापड होऊन तें पुन्हां आमच्याच पेठांतून विकावयास येई. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी माजून तिकडील कापूस बंद झाला, तेव्हां मुंबईंत पैशाचा पूर आला. युद्ध संपतांच तो ओसरला आणि कित्येक पेढ्या बुडाल्या. ज्या दोन शहरांच्या व्यवहारानें आमच्याकडील घरांचें दैव असें वरखालीं झालें, तीं एकदां डोळ्यांनीं पाहावीं अशी इच्छा आम्हांस होती. ती पुरी झाली. परंतु तेथें कापसाविषयीं बोलणारा कोणीच भेटला नाहीं. जो भेटे तो फुटबॉलविषयीं बोले, आणि पांच-दहा मिनिटांत त्याचें बोलणें एकाच गृहस्थाच्या नांवाशीं येऊन थांबे.

तें नांव सर अॅलेक्स फर्ग्युसन. पुणेकर वाचकांस फर्ग्युसन म्हटलें कीं १८८५ सालचें कॉलेज आणि त्यास ज्यांचें नांव दिलें ते मुंबईचे गव्हर्नर आठवतील. ते हे नव्हत. मूळचे स्कॉटलंडचे एवढेंच काय तें दोघांचें साम्य. हे फर्ग्युसन १९८६ पासून २०१३ पर्यंत मँचेस्टर युनायटेड या संघाचे मॅनेजर होते. तिकडे मॅनेजर म्हणजे हिशेब पाहणारा कारभारी नव्हे. खेळाडू निवडणें, त्यांस तालीम देणें, डाव आंखणें आणि हार झाल्यास शिव्या खाणें, हीं सारीं कामें त्याचीं. त्यांनीं तें काम सोडून दशकाहून अधिक काळ लोटला, तरी प्रतिपक्षाच्या लोकांचा त्यांच्यावरील राग अद्याप पुरता निवालेला नाहीं. यशस्वी माणसाचा प्रतिपक्षास राग यावा यांत नवल नाहीं. परंतु तो राग नेमका कशाचा, आणि तो कोठें जाऊन थांबतो, हें आम्हांस पाहण्यासारखें वाटलें.

प्रथम या दोन शहरांची भाऊबंदकी समजून घेतली पाहिजे. मँचेस्टर आणि लिव्हरपूल यांच्यांत अंतर सुमारें ५० किलोमीटर, म्हणजे पुण्याहून लोणावळ्यास जावें त्याहून फारसें कमी नाहीं. १८३० सालीं या दोहोंमध्यें आगगाडी सुरू झाली आणि दोन्ही शहरें एका संसारांत नांदूं लागलीं: एकाकडे बंदर, दुसऱ्याकडे गिरण्या. संसार म्हटला कीं वाटणीचा वाद आलाच. आपल्या मालावर लिव्हरपूलकर वाजवीहून अधिक पट्टी घेतात असें मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांस वाटे. अखेर त्यांनीं थेट समुद्रापर्यंत ३६ मैलांचा कालवा खोदला आणि १८९४ सालीं मोठमोठीं जहाजें लिव्हरपूलला वगळून मँचेस्टरच्या दारीं येऊं लागलीं. आज तो कालवा बहुतेक शांत आहे. सॅलफर्डच्या जुन्या गोद्यांच्या जागीं कांचेच्या इमारती उभ्या आहेत. परंतु मँचेस्टरच्या दोन्ही संघांच्या चिन्हांवर गलबत आहे, आणि लिव्हरपूलच्या कैवाऱ्यांपुढें त्या गलबताचें नांव काढलें तर त्यांच्या कपाळास अद्याप आठी पडते.

या कालव्यापासून चालत गेलें असतां थोड्याच वेळांत ओल्ड ट्रॅफर्डचें विशाल क्रीडांगण लागतें. मँचेस्टर युनायटेड येथें १९१० पासून खेळत आहे आणि सुमारें ७४ हजार माणसें एका वेळीं येथें बसतात. त्यांतील एका प्रेक्षागारास २०११ सालीं फर्ग्युसन यांचें नांव देण्यांत आलें, आणि पुढल्याच वर्षीं त्यांचा ब्राँझचा पुतळा मैदानाबाहेर उभारला गेला. हातांची घडी घालून हे गृहस्थ जाणाऱ्या-येणाऱ्याकडे पाहत आहेत. चेहऱ्यावर समाधान आहे, पण सैलपणा नाहीं.

त्यांचा जन्म ३१ डिसेंबर १९४१ रोजीं ग्लासगो शहराच्या गोव्हन या भागांत झाला. वडील जहाजें बांधण्याच्या कारखान्यांत कामास होते. मुलानेंही तरुणपणीं कारखान्यांत अवजारें घडविण्याची उमेदवारी केली, कामगारांच्या संपांत पुढाकार घेतला, आणि मग फुटबॉलचा पेशा पत्करला. खेळाडू म्हणून त्यांचें नांव बऱ्यापैकीं झालें. मॅनेजर म्हणून मात्र त्यांनीं अॅबर्डीनसारख्या लहान शहराच्या संघास १९८३ सालीं युरोपांतील एका स्पर्धेच्या अंतिम सामन्यांत रेआल माद्रिदवर विजय मिळवून दिला. १९८६ च्या नोव्हेंबरांत ते मँचेस्टरला आले. येथें आरंभ चांगला झाला नाहीं. तीन वर्षें एकही करंडक नाहीं, आणि १९८९ च्या डिसेंबरांत तर स्वतःच्याच संघाच्या भक्तांनीं ‘आतां निघा’ अशा अर्थाचा फलक मैदानांत झळकविला. तेव्हां प्रतिपक्षास त्यांचा राग मुळींच नव्हता. उलट दयाच येत असावी. १९९० सालीं पहिला चषक आला, १९९३ सालीं सव्वीस वर्षांनंतर साखळी स्पर्धेचें विजेतेपद आलें, आणि तेथून पुढें दया संपून राग सुरू झाला. एकंदर १३ विजेतेपदें आणि सारे मिळून ३८ करंडक एवढी कमाई करून ते २०१३ च्या मे महिन्यांत निवृत्त झाले.

आतां रागाचीं कारणें. मँचेस्टरमध्यें, लीड्समध्यें, लिव्हरपूलमध्यें विचारावें तर प्रत्येक जण निराळें कारण सांगतो. लीड्सचा माणूस म्हणेल, त्यांनीं आमचा एरिक कँटोना नेला. १९९२ सालीं लीड्सनें विजेतेपद मिळविलें. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत हा फ्रेंच खेळाडू फर्ग्युसन यांनीं अल्प किंमतींत उचलला, आणि पुढल्या वसंतांत विजेतेपद त्याच्यासह मँचेस्टरला गेलें. लंडनच्या आर्सेनलची तक्रार त्याच जातीची: २०१२ च्या ऑगस्टांत रॉबिन व्हॅन पर्सी गेला आणि २०१३ चें विजेतेपद युनायटेडच्या पदरांत पडलें. आपल्या घरचा कर्ता मुलगा दुसऱ्याच्या घरीं जाऊन तेथें भाग्य उजळवतो, हें शल्य कोणास समजणार नाहीं?

न्यूकॅसलचे लोक त्यांच्या जिभेस दोष देतात. १९९६ सालीं तो संघ एके काळीं बारा गुणांनीं पुढें होता. फर्ग्युसन यांनीं सहज बोलल्यासारखें दाखवून सूचित केलें कीं इतर संघ आमच्याविरुद्ध जीव तोडून खेळतात, न्यूकॅसलविरुद्ध तसे खेळतील काय तें पाहूं. न्यूकॅसलचे मॅनेजर केव्हिन कीगन यांचा तोल दूरचित्रवाणीवर सर्वांसमक्ष सुटला आणि विजेतेपदही हातचें गेलें. पंचांवर ते जाहीरपणें तोंडसुख घेत, आणि त्यापायीं २०११ सालीं पांच सामने त्यांस मैदानाच्या कडेला उभें राहण्याची बंदी झाली. बी.बी.सी.शीं तर त्यांनीं सुमारें सात वर्षें अबोला धरला. शेजारच्या मँचेस्टर सिटी संघास २००९ सालीं त्यांनीं गोंगाट करणारे शेजारी म्हणून हिणविलें. हे सारे दोष खरे आहेत, आणि त्यांचे भक्तही ते नाकारीत नाहींत.

परंतु दोष तर हरणाऱ्या मॅनेजरांतही असतात, आणि त्यांचा राग कोणी वीस-वीस वर्षें बाळगीत नाहीं. खरें कारण एका गमतीच्या शब्दांत सांपडतें. तिकडे ‘फर्गी टाइम’ असा एक शब्दप्रयोग रूढ आहे. सामना नव्वद मिनिटांचा. दुखापती वगैरेंमुळें वायां गेलेला वेळ पंच शेवटीं वाढवून देतात. १९९३ च्या एप्रिलांत शेफील्ड वेन्सडेविरुद्ध युनायटेड मागें असतां स्टीव्ह ब्रूस यानें अखेरीस दोन गोल केले, त्यांतला दुसरा वाढीव वेळांत बराच उशिरां, आणि फर्ग्युसन मैदानांत धांवून नाचूं लागले. १९९९ च्या मे महिन्यांत बार्सेलोना येथें युरोपच्या अंतिम सामन्यांत बायर्न म्यूनिकविरुद्ध नव्वद मिनिटें संपलीं तेव्हां ते एका गोलानें मागें होते. वाढीव वेळांत दोन गोल करून करंडक घेऊन गेले. मनगटावरील घड्याळावर बोट आपटीत पंचांकडे पाहणारी त्यांची मूर्ति प्रतिपक्षाच्या स्वप्नांत येऊं लागली. पंच त्यांस भिऊन अधिक वेळ देतात असा सर्वांचा ग्रह झाला. पुढें आंकडेशास्त्र्यांनीं हिशेब मांडला तेव्हां असें दिसलें कीं मागें पडलेल्या साऱ्याच बड्या संघांस थोडासा अधिक वेळ मिळतो. पण हिशेबानें असले ग्रह कधीं निवतात?

म्हणजे राग हा काळाचा आहे. जो वेळ आपला, जो विजय आतां हातीं आलाच, तो हा माणूस शेवटच्या मिनिटास काढून घेतो. आणि जें एका सामन्यांत तेंच एका पिढींत. १९८६ सालीं ते आले तेव्हां लिव्हरपूलच्या नांवावर १६ विजेतेपदें होतीं आणि युनायटेडच्या नांवावर ७. लिव्हरपूलला गादीवरून खालीं ओढणें हेंच आपलें मुख्य आव्हान, असें ते उघड बोलत. १९९० सालीं लिव्हरपूलचें अठरावें विजेतेपद झालें आणि तेथें गाडें अडलें. २०११ सालीं युनायटेडनें एकोणिसावें मिळवून ओढाओढ पुरी केली. लिव्हरपूलला जातांना आगगाडींत भेटलेल्या, गोदींतून निवृत्त झालेल्या एका वृद्धानें आम्हांस हाच हिशेब बोटांवर मोजून दाखविला. शेवटचें विजेतेपद पाहिलें तेव्हां त्याचा मुलगा कडेवर होता. पुढचें आलें तेव्हां नातू शाळेंत जाऊं लागला होता, आणि मधल्या काळांत वडील वारले. तीस वर्षांनीं, २०२० सालीं, विजेतेपद परत आलें तेंही महामारीच्या दिवसांत, रिकाम्या प्रेक्षागारांपुढें. आपल्या वडिलांस तें पाहावयास मिळालें नाहीं, याचा जाब तो फर्ग्युसन यांस विचारीत होता. त्याच्या शब्दांत शिवी नव्हती, पण क्षमाही नव्हती.

अॅनफील्ड हें लिव्हरपूलचें मैदान तांबड्या विटांच्या चाळवजा घरांच्या रांगांत उभें आहे. बाहेर बिल शँक्ली यांचा पुतळा आहे. १९५९ ते १९७४ पर्यंत या संघास ज्यांनीं नांवारूपास आणलें ते हे मॅनेजर, आणि तेही स्कॉटलंडचेच. तेथून जवळच एक स्मारक आहे. १५ एप्रिल १९८९ रोजीं शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी होऊन लिव्हरपूलचे जे ९७ प्रेक्षक अखेर प्राणांस मुकले, त्यांचीं नांवें त्यावर कोरलीं आहेत. इकडे ओल्ड ट्रॅफर्डच्या भिंतीवर एक घड्याळ आहे. ६ फेब्रुवारी १९५८ रोजीं म्यूनिक येथें विमान कोसळून २३ माणसें गेलीं, त्यांत युनायटेडचे आठ तरुण खेळाडू होते, त्यांची ती आठवण. लिहावयास लाज वाटते, परंतु रागाच्या भरांत दोन्हीकडील कांहीं लोक वर्षानुवर्षें एकमेकांच्या मृतांवर गाणीं रचून मैदानांत म्हणत आले आहेत. राग कोठवर जाऊं शकतो याचें हें टोंक.

आणि तो कोठें थांबतो, तेंही येथेंच दिसतें. हिल्सबरोच्या दुर्घटनेनंतर लिव्हरपूलचे मॅनेजर केनी डाल्ग्लिश यांस पहिला टेलिफोन आला तो फर्ग्युसन यांचा. काय मदत हवी तें सांगा, म्हणून. २०१२ च्या सप्टेंबरांत स्वतंत्र समितीनें लिव्हरपूलच्या प्रेक्षकांवरील खोटे आरोप धुऊन काढले, त्यानंतर थोड्याच दिवसांनीं युनायटेडचा संघ अॅनफील्डवर खेळावयास गेला. आपल्या भक्तांच्या हातीं मैदानाच्या दारांत फर्ग्युसन यांचें पत्र देण्यांत आलें: आज द्वेषाचा शब्द नको. आणि २०१८ च्या मे महिन्यांत मेंदूंत रक्तस्राव होऊन ते स्वतः अत्यवस्थ झाले, तेव्हां लिव्हरपूल, सिटी, आर्सेनल या सर्व संघांनीं जाहीरपणें त्यांचें क्षेम चिंतिलें. ते बरे झाले. आणि बरे झाल्यावर, अर्थातच, राग पुन्हां पूर्ववत् सुरू झाला.

आमच्याकडे भाऊबंदांत तीन पिढ्या कज्जा चालूं शकतो, विहिरीवर बोलणें बंद असूं शकतें; पण सुतक सुटत नाहीं. मयताच्या दिवशीं तोच भाऊबंद खांदा द्यावयास पुढें येतो, कारण भाऊबंद तो, ज्याचें सुतक आपणांस लागतें. या दोन शहरांचें नातें आम्हांस शेवटीं असें उमगलें. फर्ग्युसन गेल्यानंतरच्या बारा हंगामांत युनायटेडला एकही साखळी विजेतेपद मिळालें नाहीं, आणि लिव्हरपूलनें २०२५ सालीं वीस-वीस अशी बरोबरी साधली. तरीही अॅनफील्डच्या गल्लींत नव्या मॅनेजरचें मोजमाप घ्यावयाचें तर गज तोच, फर्ग्युसन यांचा. ज्याचा राग इतकीं वर्षें मनांत जपला, त्याच्याइतका दुसरा कोणी ठाऊक नसतो. घरांतील मुलांस खेळांत बाजू घेऊं द्यावी, हिरमुसूं द्यावें, प्रतिपक्षाच्या म्होरक्यावर चिडूंही द्यावें. फक्त सुतक कोणाचें पाळावयाचें, एवढें वेळींच शिकवून ठेवावें.