शिरोरेखा सरळ दिसावी म्हणून

मराठीची ओळ शिरोरेखेने बांधलेली असते. तिच्या वर रफार, अनुस्वार, वेलांट्यांचे डोक्यावरचे फाटे, खाली उकार. ही वरखालची चिन्हे इतकी बारीक, की त्यांच्या वाट्याला पडद्यावरचे दोनतीन बिंदूच येतात. म्हणून लॅपटॉपला जोडलेल्या मॉनिटरचे रिझोल्यूशन चुकले, की इंग्रजी मजकूर कसाबसा वाचता येतो, पण मराठीचा जीव जातो. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक हा समुद्र आणि दरी यांतला फरक आहे. मुद्रिते तपासणाऱ्याला तो नजर टाकताच दिसायला हवा.

फुल एचडी पडद्यावर आडव्या ओळीत १९२० आणि उभ्या रांगेत १०८० बिंदू असतात, एकूण २०,७३,६००. ते कारखान्यातच बसतात, त्यांची संख्या पुढे कुणाला बदलता येत नाही. लॅपटॉपचा स्वतःचा पडदा १३६६ × ७६८ चा असला आणि तेच चित्र मोठ्या मॉनिटरवर आरशासारखे उमटवले, तर मूळच्या एका बिंदूला साधारण १.४ बिंदूंत पसरावे लागते. चार दशांश बिंदू काही वेगळा उजळता येत नाही. मग मॉनिटर शेजारच्या बिंदूंवर त्याचा रंग वाटून टाकतो, आणि एका बिंदूच्या जाडीची काळी शिरोरेखा करडी, धुरकट पट्टी होऊन बसते. अशा पानावर तासभर वाचले, की डोळे चुरचुरतात. दोष चष्म्याचा नसतो.

खरे तर लॅपटॉपला रिझोल्यूशनचे हे माप माणसाने सांगावेच लागू नये. १९९४ साली ‘व्हेसा’ या संस्थेने ईडीआयडी नावाचा आराखडा ठरवून दिला. त्याचा मूळ भाग अवघा १२८ बाइटचा. मॉनिटर कोणी बनवला, कोणत्या वर्षी, किती सेंटिमीटर रुंद, आणि त्याला सर्वांत मानवणारे माप कोणते, हे सगळे त्यात मावते. शेवटचा बाइट तर फक्त पडताळ्यासाठी: सगळ्या बाइटांच्या बेरजेला २५६ ने भाग गेला पाहिजे, नाहीतर मजकूर वाटेत बिघडला असे समजायचे. इतक्या थोड्या जागेत इतके नेमके लिहिलेले मी क्वचितच पाहिले आहे.

हा मजकूर चित्राच्या तारांतून येत नाही. त्यासाठी वेगळी वाट असते. व्हीजीए या जुन्या जोडणीच्या पंधरा पिनांपैकी बारावी आणि पंधरावी या कामाच्या. स्वस्त अडॅप्टरात किंवा लांबलचक केबलीत नेमक्या याच तारा गाळलेल्या किंवा तुटलेल्या असतात. चित्र तर येते, पण मॉनिटर कोण हे लॅपटॉपला कळत नाही. अशा वेळी लॅपटॉपवर लिनक्स असेल, तर तो सावधपणे १०२४ × ७६८ किंवा त्याहून लहान माप धरतो. रुंद पडद्यावर ते ताणले, की वर्तुळाचे अंडे होते आणि ‘ठ’ आडवा सुटतो.

इथे मला लिनक्सचा मोठेपणा दिसतो. सेटिंगच्या यादीत हवे ते माप नसले, तरी वाट बंद होत नाही. टर्मिनलमध्ये ‘एक्सरँडर’ असे लिहिले, की प्रत्येक जोडणी आणि तिची मापे समोर येतात. चालू मापापुढे तारका, मॉनिटरच्या पसंतीच्या मापापुढे अधिकचे चिन्ह. नसलेले माप आपण स्वतः घालू शकतो. त्याचा हिशोब ‘सीव्हीटी’ ही आज्ञा करून देते. १९२०, १०८० आणि सेकंदाला ६० चित्रे हे आकडे दिले, की ती आकड्यांची एक ओळ परत करते: १७३ मेगाहर्ट्झ, मग १९२०, २०४८, २२४८, २५७६, मग १०८०, १०८३, १०८८, ११२०.

दिसणारे बिंदू १९२० असताना हिशोब २५७६ चा का? हे जास्तीचे बिंदू कुठेच उमटत नाहीत. काचेच्या नळीच्या पडद्यांत इलेक्ट्रॉनांचा झोत एक ओळ रंगवून झाली की पुढच्या ओळीच्या आरंभाशी परत जाई, आणि त्या परतीला वेळ लागे. नांगराचे तास संपल्यावर बैल वळवायला बांधाकडेला जागा सोडतात, तशी ही जागा. नळ्या गेल्या, झोत गेला, तरी ती मोकळी जागा हिशोबात उरली. सपाट पडद्याला तिची तेवढी गरज नाही. म्हणून त्याच आज्ञेला ‘आर’ची खूण जोडली, की २५७६ चे २०८० होतात आणि बिंदू पाठवण्याचा वेग १७३ वरून १३८.५ मेगाहर्ट्झवर उतरतो. केबल किंवा अडॅप्टर कमजोर असेल, तर हीच ओळ आधी वापरून पाहावी.

एकेकाळी या ओळी हातानेच लिहीत, आणि चुकीच्या आकड्यांनी मॉनिटर जळू शकतो असा इशारा माहितीपुस्तिकांत असे. आजचा मॉनिटर न पेलणारे माप बहुधा नाकारतो आणि तसा संदेश दाखवतो. २००७ मध्ये एक्सरँडर ज्याच्या आधारे चालतो त्या रँडरची १.२ ही आवृत्ती आली, तेव्हापासून लिनक्सवर पडदा रंगवणारी एक्स ही व्यवस्था बंद न करता चालत्या संगणकाला नवा पडदा जोडून त्याचे माप ठरवता येऊ लागले. त्याआधी एका फाईलमध्ये सगळे लिहून पुन्हा सुरुवात करावी लागे.

एक्सरँडरच्या आज्ञा तीनच: नवे माप तयार करा, ते जोडणीला द्या, मग लागू करा. लॉगआउट झाले की हे माप विसरले जाते, म्हणून त्या आज्ञा घरच्या फोल्डरातल्या ‘एक्सप्रोफाइल’ फाईलमध्ये लिहून ठेवाव्यात. एक्सच्या जागी आलेल्या वेलँडवर एक्सरँडरने माप घालता येत नाही. तिथे आधी डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये पाहावे, आणि मॉनिटरची माहितीच पोचत नसेल तर लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, सुरू होतानाच जोडणीचे नाव आणि माप सांगावे. तशाच दुसऱ्या, नीट ओळख देणाऱ्या मॉनिटरची ईडीआयडी फाईल जपून ठेवली असेल, तर तीही कर्नलच्या हाती देता येते.

माप बसले का, हे यादीतल्या तारकेवरून कळते. पण मी लहान टायपातला जोडाक्षरांनी भरलेला एखादा परिच्छेद उघडायला सांगेन. ‘र्त्या’, ‘द्ध्य’, ‘ष्ट्र’ डोळे न ताणता सुटे दिसू लागले, की मग कामाला बसावे.